मजुरीचा रकाना

शेतकरी संघटनेचे शरद जोशी गेले त्या दिवशी, १२ डिसेंबर २०१५ ला, नाशिकच्या चौकाचौकांत दुसऱ्याच शरदरावांचे फलक लागले होते. पवारांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मी रिक्षात होते. भावाचा फोन आला आणि तो एवढंच म्हणाला, "साहेब गेले." समोर फलकावर पवार हात जोडून हसत होते. मी घाबरून म्हटलं, "अरे, आज तर वाढदिवस आहे ना?" पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग तो वैतागून म्हणाला, "आपले साहेब गं. आंबेठाणचे."

चांदवड तालुक्यातल्या आमच्या घरात ऐंशीच्या दशकात 'साहेब' या शब्दाला एकच अर्थ होता. त्या घरात वाढून, शिकून, शहरात येऊन मी तो अर्थ विसरले होते. रिक्षावाल्यासमोर उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी अण्णांना फोन लावला. उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. "कळलं," म्हणाले. "वाफ्यात पाणी सोडलंय, ठेवतो." १९८० च्या नोव्हेंबरात या माणसाच्या शब्दाखातर रस्त्यावर बसलेले, पोलिसांच्या गाडीतून तुरुंगात जाऊन आलेले माझे वडील. त्यांनी दहा-अकरा वर्षं जोशींचं नाव घरात उच्चारलं नव्हतं, त्या दिवशीही उच्चारलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी आईला बिल्ला मागितला. संघटनेचा लाल बिल्ला. तो बटणांच्या डब्यात निघाला, मागची टाचणी तुटलेली. अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला, "टाचणी गेली" म्हणाले आणि परत डब्यात टाकला. हे आईने मला नंतर सांगितलं.

पुढचे चार दिवस मी मिळतील तेवढे मृत्युलेख वाचले. त्यांत दोन वेगवेगळी माणसं मेली होती. एक शेतकऱ्यांचा पंचप्राण, दुसरा बड्या बागायतदारांचा आणि खुल्या बाजाराचा वकील. काहींनी सोय म्हणून त्याचे दोन तुकडे केले होते: १९९० पर्यंतचा चांगला, नंतरचा वाट चुकलेला. मला हे तुकडे पटेनात. पण अखंड माणूसही हाती लागेना. मग मी गावी गेले आणि वही काढली.

वहीबद्दल सांगण्याआधी पट्टीबद्दल सांगायला हवं. शहरातल्या वाचकाला पट्टी म्हणजे काय ते माहीत असण्याचं कारण नाही. बाजार समितीत माल विकला की आडत्या शेतकऱ्याच्या हातात हिशेबाचा एक कागद देतो, ती पट्टी. वर मालाची रक्कम. खाली वजावटी: हमाली, तोलाई, वाराई, आडत (म्हणजे आडत्याची दलाली), उचल घेतली असेल तर ती. शेवटी उरेल ते आपलं. अण्णा विशीत असताना एकदा बैलगाडीभर कांदा घेऊन गेले आणि वजावटी मालाच्या रकमेपेक्षा जास्त निघाल्या. आडत्याने त्यांच्याकडेच पैसे मागितले. याला उलटी पट्टी म्हणतात. अण्णांच्या खिशात पैसे नव्हते. ते घरी आले आणि कुणाला काही बोलले नाहीत. माल विकून वर पैसे द्यावे लागले हे सांगायचं कसं? त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. वाण चुकलं, वेळ चुकली, नशीब चुकलं.

त्या काळात शेतकऱ्याला सगळे हेच सांगायचे. तो गरीब आहे कारण तो अडाणी आहे, आळशी आहे, लग्नात कर्ज काढतो, तमाशाला जातो. कृषी अधिकारी हे सांगायचे, कीर्तनकारही सांगायचे. आणि मग एक माणूस आला, जो शेतकरी नव्हता. साताऱ्यात जन्मलेला ब्राह्मण, टपाल खात्यातला वरचा अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत भरगच्च पगाराची नोकरी केलेला. ती सोडून त्याने चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः कसली, आणि स्वतःच्या काकडीची उलटी पट्टी स्वतःच्या हातात घेतली. फरक एवढाच की अण्णांना शरम वाटली आणि त्याला प्रश्न पडला. ज्या धंद्यात माल विकून कर्ज होतं, त्या धंद्यात चूक विकणाऱ्याची कशी?

उत्तर त्याने थेट दिलं. शहरांना स्वस्त अन्न आणि कारखान्यांना स्वस्त कच्चा माल हवा, म्हणून शेतमालाचा भाव पाडला जातो. भाव वर जाऊ लागला की निर्यातबंदी, लेव्ही (सक्तीची सरकारी खरेदी), झोनबंदी (माल बाहेर न्यायला बंदी), आयात. दोष तुमचा नाही. 'कर्जमाफी' हा शब्दसुद्धा त्याला चालायचा नाही. माफी गुन्ह्याची असते, कर्जमुक्ती म्हणा. 'शेतकऱ्याचे मरण, हेच सरकारचे धोरण' ही घोषणा आता इतकी घासली गेली आहे की तिची धार जाणवत नाही. अण्णांनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा, ते सांगायचे, आधी हायसं वाटलं. राग नंतर आला.

९ ऑगस्ट १९७९ ला चाकणला शेतकरी संघटना निघाली. १९८० च्या जानेवारीत वांद्रे ते चाकण असा चौसष्ट किलोमीटरचा मोर्चा निघाला, रस्त्यासाठी. (वांद्रे म्हणजे मुंबईचं नव्हे, खेड तालुक्यातलं, डोंगरातलं.) त्याच वर्षअखेर आमच्या जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं: उसाला टनाला तीनशे रुपये हवेत. खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकरी मेले. पुढच्या वर्षी निपाणीला तंबाखूवाल्यांवर गोळ्या चालल्या. हा इतिहास कुठेही वाचायला मिळेल. आमच्या घरात तो कसा शिरला ते वहीत आहे.

शंभर पानी वही. पुठ्ठ्यावर चहाच्या बशीचा गोल डाग. १९८२ च्या जानेवारीत सटाण्याला संघटनेचं पहिलं अधिवेशन झालं, तिथून परत आल्यावर अण्णांनी ती सुरू केली. पहिल्या पानावर, मराठी शाळेतल्या टपोऱ्या अक्षरात: 'कांदा, एक एकर, उत्पादन खर्च'. खाली उळं, नांगरट, शेणखत, युरिया, मोटरीचं बिल, लागवड, खुरपणी, काढणी, कापणी, बारदान, भाडं. हे तर कुणीही लिहील. पण पुढे चार ओळी अशा आहेत ज्या आमच्या घराण्यात त्याआधी कुणी लिहिल्या नसतील. बैलांची झीज. जमिनीचा खंड. गुंतवलेल्या पैशाचं व्याज. आणि 'स्वतःची मजुरी'.

आजोबा तेव्हा जिवंत होते. ते म्हणे खो खो हसले. "घरचं बी, घरचं खत, घरचे बैल, घरची माणसं. त्याचे कुणी पैसे धरतं व्हय?" जोशींचं सगळं अर्थशास्त्र या हसण्याला दिलेलं उत्तर होतं. घरचं ते फुकट, असं तुम्ही धरता, म्हणून समोरचाही फुकट धरतो. मी पुढे कॉमर्सला गेले, कॉस्टिंग शिकले, परीक्षेत मार्कही मिळवले. पण कुणाचे श्रम मोजायचे हा हिशेबातला पहिला प्रश्न असतो, हे मला त्या चहाच्या डागाच्या वहीने शिकवलं.

आता त्या वहीतली खोट. ती पहिल्यांदा आईच्या लक्षात आली. आई चौथी शिकलेली. अण्णांनी स्वतःची मजुरी लावली होती ती सरकारने ठरवून दिलेल्या किमान वेतनाने. लागवडीला आलेल्या बायांची मजुरी लावली होती ती प्रत्यक्षात दिली त्या दराने, म्हणजे पुष्कळ कमी. दोन्ही आकडे एकाखाली एक. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. अण्णांना त्यात विसंगती दिसलीच नव्हती. आणि आईची मजुरी? तिचा रकानाच नव्हता.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. मी नऊ वर्षांची होते. आई मला घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेली. बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी, दोन दिवसांची शिदोरी. लाखांनी बाया आल्या होत्या. विदर्भातून, मराठवाड्यातून, ट्रकमध्ये उभ्या राहून. साहेब काय बोलले ते मला सांगता येणार नाही. 'माझ्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो' ही सुरुवात आठवते, ती नेहमीचीच. आठवतो तो धुरळा, पाण्याच्या टँकरपाशी लांबच लांब रांग, आणि रांगेत माझी आई अनोळखी बायांशी बोलता बोलता पदर तोंडाला न लावता मोठ्याने हसलेली. घरी ती तशी हसत नसे. स्टेजवर कुठलीतरी बाई हातात माईक धरून सांगत होती की पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत ती काय काय करते. नुसती यादी, एकामागून एक. आणि आजूबाजूच्या बाया प्रत्येक कामाला मान हलवत होत्या, जणू कुणी हजेरी घेतंय.

घरी परतल्यावर आठवडाभराने असेल, अण्णा कंदिलाच्या उजेडात वही घेऊन बसले होते. आई म्हणाली, "काय लिहू राहिले तुम्ही?"

"खर्च."

"मंग माझा लिव्हा की."

अण्णा थांबले. मग त्यांनी खरंच एक ओळ वाढवली. आजही ती तिथे आहे: 'घरची बाई'. नाव नाही. पुढे दर लावलाय तो बाईच्या मजुरीचा. सरकारी नव्हे, गावातला. आईने विचारलं, किती लावला. त्यांनी सांगितला. आई म्हणाली, "साहेबांनी असंच सांगितलं व्हतं का?" अण्णांनी वही मिटली.

जोशींवर कुलकांचा, म्हणजे बड्या शेतकऱ्यांचा, पुढारी म्हणून जी टीका झाली, ती मी पुढे पुष्कळ वाचली. डाव्यांनी केली, समाजवाद्यांनी केली. आमच्याकडे ती घरातच होती. धाकटे काका लाल बावट्याचे. लुटली जाणारी खेडी म्हणजे 'भारत' आणि लुटणारे ते 'इंडिया', ही जोशींची मांडणी. ते म्हणायचे, "तुमचं भारत विरुद्ध इंडिया ठीक आहे. पण भारताच्या आत कोण कोणाविरुद्ध आहे, ते तुझा साहेब सांगत नाही." जोशींचं उत्तर असायचं की शेतमालाला भाव मिळाला तरच मजुराला मजुरी देता येईल, उत्पादन खर्च धरतानाच पूर्ण कायदेशीर मजुरी धरा. हिशेब म्हणून ते बिनतोड होतं. पण एका वर्षी कांद्याचा भाव कडाडला, अण्णांच्या पट्टीवर शेवटी पहिल्यांदा मोठा आकडा आला, आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं लागवडीला येणारी एक मावशी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "अण्णा, अवंदा दोन रुपये वाढवा." अण्णा म्हणाले, "पुढच्या हंगामात पाहू." काका ओट्यावरच बसले होते. ते काही बोलले नाहीत, अण्णांकडे बघून फक्त भुवई उडवली. मावशी गेली. अण्णा दिवसभर चिडचिडे होते.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. चूक अण्णांची होती; शरद जोशींनी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं. पण जो विचार प्रत्यक्षात यायला गावोगावच्या लाखभर अण्णांनी आपणहून दोन रुपये वाढवावे लागतात, त्या विचारात एक जागा रिकामी राहिलेली असते. काकांना ती जागा दिसली होती. उलट, काकांच्या पक्षाने मजुरांसाठी मोर्चे काढले, पण कांद्याला भावच नसेल तर ती मजुरी कुठून यायची, हा प्रश्न त्यांनी कधी अंगाला लावून घेतला नाही. अण्णा जाईपर्यंत दोघं भाऊ भांडले, आणि मला वाटतं दोघांकडे एकाच वहीची अर्धी अर्धी पानं होती.

दोन ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीत बोट क्लबवर देशभरच्या शेतकऱ्यांचा मेळावा होता. अण्णा रेल्वेने गेले. तिथे उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते टिकैत आणि जोशी यांचं व्यासपीठावरच फाटलं. अण्णा परत आले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पुढे कधीतरी एवढंच म्हणाले की उत्तरेतले शेतकरी हुक्का बरोबर घेऊन आले होते. त्या अख्ख्या प्रवासातलं सांगण्यासारखं त्यांना तेवढंच वाटलं.

पण अण्णांचा खरा दुरावा डंकेल प्रस्तावापासून, म्हणजे गॅट या जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यापासून. १९९१ च्या शेवटी तो मसुदा आला. कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामी त्याविरुद्ध रान उठवत होते, आणि जोशी म्हणत होते, खुला बाजार येऊ द्या, तंत्रज्ञान येऊ द्या. अण्णांचा संताप असा: "यांनीच शिकवलं सरकारकडे भाव मागायला. आता म्हणतात सरकारकडे काही मागू नका." पुढे मी कॉलेजात गेले, डोक्यात नवं अर्थशास्त्र, त्यामुळे त्यांना समजावायला गेले. अण्णा, ते भीक मागत नव्हतेच. 'भीक नको, हवे घामाचे दाम' असंच म्हणत होते ना? सरकारने द्यावं असं नव्हे, सरकारने छातीवरचा पाय काढावा. गॅटपुढे भारताने स्वतःच जो हिशेब मांडला त्यात शेतमालाला मिळणारं संरक्षण उणे निघालं होतं, म्हणजे मदत राहिली बाजूला, सरकार शेतकऱ्याकडूनच काढून घेत होतं. जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणायचे ती हीच. १९८० ची मागणी आणि १९९१ ची मागणी एकच आहे!

अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असंल. पण रस्त्यावर बसलो तवा मला हे उणे-अधिक माहीत नव्हतं. मला माहीत व्हतं की आपला माणूस आपल्यासाठी भांडू राहिला."

आजही मला वाटतं की मी बरोबर होते. जोशी बदलले नव्हते. 'रास्त भाव' हे शब्द जो तो आपल्या सोयीने ऐकत होता. आमच्या गावाने त्यातला 'सरकारने द्यावा' हा न उच्चारलेला भाग ऐकला, त्यांनी तो कधी मनात आणलाही नव्हता. पण इतकी वर्षं लाखो लोक आपलं बोलणं वेगळंच ऐकतायत, हे त्यांच्यासारख्या तल्लख माणसाला कळलं नसेल? कळलं असावं. चळवळ वाढत होती तोवर ते चालू दिलं असावं. हा माझा त्यांच्यावरचा राग आहे, आणि तो वहीतल्या आकड्यांनी जात नाही. दुसराही आहे. बाजार मोकळा झाला की शेतकरी उभा राहील, यावर त्यांचा जो विश्वास होता, त्यात पावसाला, सावकाराला आणि परदेशातल्या सबसिडीवर पोसलेल्या कापसाला पुरेशी जागा नव्हती. विदर्भात फास लागत होते तेव्हा हा सिद्धान्त ऐकायला कोरडा वाटायचा, बरोबर असला तरी.

आणि मग राजकारण. मतं मागायला आलो तर जोड्याने मारा, असं एकेकाळी सांगितलेल्या माणसाने १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. ऐंशीच्या दशकात जातीयवादाच्या भस्मासुराविरुद्ध बोलणारा माणूस २००४ मध्ये भाजप-सेनेच्या पाठिंब्याने राज्यसभेवर गेला. त्याच सुमाराला संघटनेतले राजू शेट्टी वेगळे झाले, स्वाभिमानी शेतकरी संघटना निघाली. आमच्या पारावर दोन फलक झाले. पूर्वी एकाच ट्रॉलीत बसून गेलेली माणसं एकमेकांच्या बांधावरून जाईनात. अण्णा कुठल्याच फलकाखाली गेले नाहीत. बिल्ला बटणांच्या डब्यात गेला तो तेव्हाच.

आईचं तसं नव्हतं. तिचा जोशींशी वेगळा व्यवहार होता, आणि तो जमिनीचा होता.

१९९० च्या आसपास संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली: बायकोच्या नावावर जमीन करा. तिच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे, देणं म्हणून. आमच्या गावानेही ठरवलं. सभेत नावं वाचली, अण्णांनी दीड एकर जाहीर केलं, टाळ्या झाल्या. आईने त्या दिवशी पुरणाचं केलं होतं. १९९९ मध्ये ती सोसायटीत स्वतःच्या नावाने कर्ज मागायला गेली तेव्हा कळलं की सातबाऱ्यावर तिचं नाव नाहीच. फेरफार झालाच नव्हता. अण्णा नऊ वर्षं 'करू की' म्हणत राहिले होते, आणि टाळ्यांच्या आवाजात ते कुणी तपासलं नव्हतं. आई घरी येऊन भांडली नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणला (माझ्याकडून), अण्णांपुढे ठेवला, म्हणाली, "सही." त्यांनी केली. मग ती एकटी तलाठ्याकडे गेली, परत गेली, परत गेली. सातव्या की आठव्या खेपेला उतारा हातात आला. तो तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या वहीत ठेवला, तिथेच आहे.

९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. बाजूने १८६ मतं, विरुद्ध एक. ते एक मत शरद जोशींचं. टीव्हीवर तो आकडा पुन्हा पुन्हा येत होता, आणि मला चांदवडच्या टँकरपाशी हसणारी आई आठवत होती. ज्या माणसाने विटनेर, मेटीखेडा अशा गावांत सगळ्या जागांवर बायांचं पॅनल उभं करायला बळ दिलं, तो एकटा विरुद्ध मत देतो? मी तणतणत आईला फोन केला. ती तेव्हा राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आलेली होती, पाच वर्षं संपत आली होती.

तिने विचारलं, "का दिलं ते सांगितलं का?"

मी सांगितलं: प्रत्येक मतदारसंघ आळीपाळीने राखीव होणार, म्हणजे निवडून आलेल्या बाईला पुढच्या खेपेला तो मिळेलच असं नाही, मग ती तिथे मुळं कशाला धरेल, असा त्यांचा मुद्दा आहे.

आई बराच वेळ बोलली नाही. तिच्या वॉर्डाची सोडत नुकतीच झाली होती. तो खुला झाला होता, आणि तिच्या पाच वर्षांच्या कामावर बोट ठेवून आता दुसराच कुणीतरी पुरुष उभा राहणार होता. पाण्याची टाकी तिने भांडून आणली होती. "त्यांचं खरं आहे," ती म्हणाली. "चिठ्ठी काढून पाळी लावली की असंच व्हतं." मग थांबून म्हणाली, "पण एक मत आम्हाला दिलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

मृत्युलेखांच्या त्या ढिगात मला या दोन वाक्यांच्या तोडीचं काही सापडलं नाही.

ते गेल्यावर गावात दोन शोकसभा झाल्या, एकाच संध्याकाळी, पाराच्या दोन बाजूंना. सात महिन्यांनी, २०१६ च्या जुलैत, राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. पट्टीवरची एक वजावट गेली. अण्णांनी पहिली तशी पट्टी हातात घेऊन ती ओळ शोधली; डोळे कमजोर झाले होते, म्हणून मलाही शोधायला लावली. "नाही ना?" दोनदा विचारलं.

२०२० मध्ये तीन कृषी कायदे आले. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, इथे संघटना कायद्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि भावाच्या फोनवर दोन्हीकडून जोशींच्या भाषणांचे तुकडे येऊ लागले. एकात ते बाजार मोकळा करा म्हणतायत, दुसऱ्यात सरकारच्या हेतूवर विश्वास ठेवू नका म्हणतायत. दोन्ही खरी. त्याच वर्षी जूनमध्ये अत्यावश्यक वस्तूंचा कायदा सैल केल्याचे ढोल वाजले आणि १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. जोशी असते तर काय म्हणाले असते, यावर लोक तावातावाने बोलत होते. मला वाटतं ते आधी हसले असते, मग दोन्ही बाजूंना दुखावणारं काहीतरी बोलले असते, आणि पारावर तिसरा फलक लागला असता.

अण्णा आता नाहीत. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यातबंदी आली. चार दिवसांनी साहेबांची पुण्यतिथी, म्हणून मी गावी गेले. पारावर एक फोटो, दोन हार, दहा-बारा माणसं. दोन फलकांखालची माणसं आता एका चटईवर मावत होती. काकाही काठी टेकत आले. मी बघतेय हे पाहून म्हणाले, "पाय मोकळे करायला आलो."

भाऊ लाल कांद्याची ट्रॉली विकून रात्री आठला आला. भाव चार दिवसांत धाडकन खाली आला होता. त्याने पट्टी आईच्या हातात दिली आणि तोंड धुवायला गेला. आईने वही काढली. तिचे डोळेही गेलेत, आता लिहायचं काम मी आले की माझ्याकडे असतं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. रोप, खत, फवारणी, काढणी. लागवडीच्या मजुरीपाशी मी विचारलं, किती? हल्ली लागवड उक्ती देतात. त्या जुन्या मावशीची सून टोळी घेऊन येते आणि एकरी दर तीच ठरवते, घासाघीस चालत नाही. आईने आकडा सांगितला.

"आणि तुझी?"

"तिला पडली तेवढीच लाव. दिवस मोजून."

मी लिहिलं. 'घरची बाई' या जुन्या शब्दांऐवजी नाव लिहावं म्हणून पेन थांबवलं, तर ती म्हणाली, "राहू दे, जागा पुरायची नाही." मी तरी नाव लिहिलं, बारीक अक्षरात. पट्टीवरची रक्कम वर लिहिली आणि खाली बेरजेची रेघ मारायला लागले.

"थांब," आई म्हणाली. "ट्रॉलीचं भाडं राहिलंय."